फेंटानिल: अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी घरांनी काय करून ठेवावं

अमेरिकेत २०२२ साली ड्रग्जच्या ओव्हरडोसने सुमारे १ लाख ८ हजार माणसं गेली. २०२४ साली हा आकडा सुमारे ८० हजारांपर्यंत खाली आला. घट मोठी आहे, आणि ओव्हरडोस झालेल्याचा श्वास परत आणणारा, नार्कन नावाचा नाकात मारायचा फवारा गावोगाव पोहोचला हे तिचं एक कारण मानलं जातं. तरीही ८० हजार म्हणजे रोज दोनशेहून जास्त माणसं. त्यांतले बहुतांश मृत्यू एकाच रसायनाशी जोडलेले आहेत, ते म्हणजे फेंटानिल.

हे मी नुकतेच इथे आलेल्यांसाठी लिहिते आहे. ऑगस्टमध्ये उतरणारे विद्यार्थी, एच-वन-बीवर आलेली जोडपी, शाळकरी मुलांचे आईबाप, आणि नातवंडांसाठी सहा महिने येऊन राहणारे आजी-आजोबा. मी न्यू जर्सीत फार्मसीत काम करते. नार्कनचा विषय काढला की आपल्या लोकांकडून हमखास उत्तर येतं, ‘आमच्याकडे असलं काही नाही हो.’ नसेलही. पण ओव्हरडोस झालेला माणूस बहुतेक वेळा वाचवता येतो, फक्त जवळच्या कोणाला तरी पहिल्या काही मिनिटांत काय करायचं ते ठाऊक हवं. तो जवळचा माणूस म्हणजे रूममेट असेल, शेजारी असेल, ट्रेनच्या डब्यात समोर बसलेलं कोणीही असेल. तुम्हीही असाल.

सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण यंत्रणेने जुलै २०१९ ते डिसेंबर २०२१ या काळात ओव्हरडोसने गेलेल्या १० ते १९ वर्षांच्या मुलांची प्रकरणं तपासली. सुमारे ८४ टक्के मृत्यूंत बेकायदा फेंटानिल होतं. जवळपास एक चतुर्थांश प्रकरणांत बनावट गोळ्यांचे पुरावे सापडले. आणि सुमारे दोन तृतीयांश मुलांच्या आसपास त्या वेळी कोणी ना कोणी हजर होतं. घरातलं, मित्रमंडळींतलं. त्यांतल्या बहुतेकांकडून मदत झालीच नाही. कोणी दुसऱ्या खोलीत होतं, कोणाला मूल झोपलंय असं वाटलं. हे वाचल्यापासून मी हा विषय सोडलेला नाही.

पहिली पायरी: गोळी देण्याघेण्याची सवय विमानतळावरच सोडा

फेंटानिल मुळात औषध आहे. १९६०च्या सुमारास बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांनी ते बनवलं. शस्त्रक्रियेत आणि कॅन्सरच्या वेदनांवर ते आजही वापरतात. बाळंतपणात कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून पाठीतून जी भूल देतात, तिच्यातही ते पुष्कळदा असतं. त्यामुळे हॉस्पिटलच्या कागदावर हे नाव दिसलं तर घाबरू नका. तिथे मात्रा मोजून देतात आणि श्वासावर लक्ष ठेवायला माणसं असतात.

रस्त्यावरचं फेंटानिल वेगळं. ते चोरट्या प्रयोगशाळांत बनतं, आणि पुडीत किंवा गोळीत किती गेलं हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. हे रसायन हेरॉइनच्या सुमारे ५० पट आणि मॉर्फीनच्या सुमारे १०० पट तीव्र आहे. अमेरिकेच्या डीईए या अमली पदार्थविरोधी यंत्रणेच्या हिशेबाने २ मिलिग्रॅम जिवावर बेतू शकतं. याच यंत्रणेने पकडलेल्या बनावट गोळ्यांची तपासणी केली तेव्हा २०२३ साली १० पैकी ७ गोळ्यांत जीवघेणी ठरू शकेल एवढी मात्रा निघाली. २०२४ साली हे प्रमाण १० पैकी ५ वर आलं.

या गोळ्या दिसायला थेट खऱ्यासारख्या असतात. निळी, एका बाजूला ‘एम’ आणि दुसऱ्या बाजूला ‘३०’ असलेली ऑक्सिकोडोन या तीव्र वेदनाशामकाची नक्कल सर्वांत जास्त सापडते. झॅनॅक्स (मन शांत करणारी गोळी) आणि ॲडरॉल (एकाग्रतेची गोळी) यांच्याही नकला असतात. विक्री स्नॅपचॅटवर, इन्स्टाग्रामवर, मित्राच्या मित्राकडून. नुसत्या डोळ्यांनी खरी-खोटी ओळखता येत नाही. रोज शेकडो गोळ्या हाताळणाऱ्या मलाही येत नाही.

इथे आपल्या एका चांगल्या सवयीबद्दल बोलावं लागतं. डोकं दुखतंय म्हटलं की आपल्याकडे शेजारच्या काकू पर्समधून गोळी काढून देतात. ट्रेनमध्ये अनोळखी माणूसही देतो. त्यात माया असते. पण हीच सवय इथल्या कॉलेजात परीक्षेच्या आदल्या रात्री अशी दिसते: ‘जागायचंय ना, ही ॲडरॉल घे, माझ्या रूममेटकडे मिळते.’ दाढ दुखते आहे, दातांचा विमा नाही, डेंटिस्टच्या फीची धास्ती वाटते, आणि कोणीतरी म्हणतं, ‘माझ्याकडे एक पर्कोसेट आहे’ (म्हणजे ऑक्सिकोडोन असलेली वेदनाशामक गोळी). झोप येत नाही म्हणून झॅनॅक्स. यातल्या कोणालाही नशा करायची नसते. त्यांच्या शरीराला अशा औषधाची सवयही नसते, म्हणून धोका जास्त.

नियम सोपा ठेवा. प्रिस्क्रिप्शनची गोळी फार्मसीच्या काउंटरवरून, तुमचं नाव छापलेल्या बाटलीतून आली असेल तरच ती तुमची. साधी वेदनाशामकं दुकानातून सीलबंद घ्या. आपली क्रोसीन म्हणजे इथलं टायलेनॉल, औषध तेच. दातासाठी डेंटल कॉलेजांच्या क्लिनिकमध्ये बऱ्याच कमी खर्चात उपचार होतात, आणि विद्यापीठाच्या हेल्थ सेंटरमध्ये झोपेची किंवा एकाग्रतेची तक्रार घेऊन गेलात तर कोणी नावं ठेवत नाही.

भारतातून आणलेल्या औषधांचंही बघा. अल्ट्रासेटमध्ये ट्रामाडोल असतं, अल्प्रॅक्स म्हणजे अल्प्राझोलाम. ही दोन्ही इथे नियंत्रित औषधं आहेत. आजोबांच्या कंबरेसाठी आणली असतील तर मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह ठेवा आणि दुसऱ्या कोणालाही देऊ नका. घरात कॅन्सरच्या रुग्णासाठी फेंटानिलचे पॅच असतील तर वापरलेल्या पॅचमध्येही औषध शिल्लक असतं. तो चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा आणि टॉयलेटमध्ये फ्लश करायचा. एरवी औषधं फ्लश करू नका असंच सांगतात, पण रांगतं मूल हा पॅच उचलून तोंडात घालू शकतं, म्हणून या औषधाला ती सूट आहे.

फेंटानिल ओळखणाऱ्या टेस्ट स्ट्रिप्स मिळतात. बहुतेक राज्यांत त्या कायदेशीर आहेत, तरी आपल्या राज्यात काय आहे ते पाहून घ्या. जे कोणी काही घेतच असतील त्यांना मी त्या जरूर वापरायला सांगते. पण पट्टीने ‘नाही’ दाखवलं म्हणजे गोळी सुरक्षित असं नव्हे. शिऱ्यात बेदाणे कसे एका घासात एकही येत नाही आणि पुढच्या घासात तीन येतात, तसं फेंटानिल गोळीत पसरलेलं असतं. तपासलेला कोपरा कोरा निघतो आणि उरलेल्या अर्ध्यात सगळं असतं.

दुसरी पायरी: नार्कन घरात आणा

नार्कन हे नालोक्सोनचं एक ब्रँड नाव. नालोक्सोन मेंदूतल्या ज्या जागांवर फेंटानिल बसलेलं असतं तिथून त्याला हुसकावतं, आणि बंद पडत चाललेला श्वास परत सुरू होतो. २९ मार्च २०२३ ला एफडीए या औषधांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेने ४ मिलिग्रॅमच्या या फवाऱ्याला प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायची परवानगी दिली आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून तो दुकानांच्या फडताळांवर आला. दोन फवाऱ्यांच्या खोक्याची किंमत साधारण ४५ डॉलर. कॅलिफोर्नियात राज्य सरकारच्या कॅलआरएक्स योजनेत असंच दोन फवाऱ्यांचं खोकं २४ डॉलरला मिळतं.

न्यू जर्सीत तर पैसेही लागत नाहीत. जानेवारी २०२३ पासून १४ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या कोणालाही, सहभागी फार्मसीत, नाव न सांगता नालोक्सोन फुकट मिळतं. एडिसन, जर्सी सिटीकडे राहणाऱ्या आपल्या किती घरांना हे ठाऊक आहे? काउंटरवर येऊन ‘नार्कन प्लीज’ एवढंच म्हणा. कशाला हवंय हे सांगायची गरज नाही. इतर राज्यांत काउंटीचं आरोग्य खातं, सार्वजनिक वाचनालयं आणि हार्म रिडक्शनचं, म्हणजे नशा करणाऱ्यांचा जीवाचा धोका कमी करण्याचं काम करणाऱ्या संस्था ते फुकट देतात. ‘फ्री नालोक्सोन’ आणि आपल्या काउंटीचं नाव टाकून शोधलं की पत्ता मिळतो. कॅनडात अनेक प्रांतांच्या फार्मसीत किट फुकट मिळतं. ब्रिटिश कोलंबियाने तर एप्रिल २०१६ मध्येच या प्रश्नावर सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली होती.

लोक मला हळू आवाजात विचारतात, हे घेतलं तर रेकॉर्डवर काही लागेल का? दुकानातून रोख पैसे देऊन घेतलं तर तुमचं नाव कोणी विचारत नाही. दुसरी शंका, चुकून दिलं तर? त्या माणसाच्या शरीरात फेंटानिल किंवा त्याच जातीचं औषध नसेल तर नालोक्सोनने काही होत नाही. ते लहान मुलाला देता येतं, गरोदर बाईला देता येतं. त्याची नशा होत नाही.

खोकं कुलपात ठेवू नका. प्रथमोपचाराच्या डब्यात ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना जागा दाखवा. गाडीत ठेवून देऊ नका, उन्हाळ्यात फार तापतं आणि हिवाळ्यात गोठतं. तारीख उलटली तर नवं आणा. पण वेळ आलीच आणि दुसरं काही हाताशी नसेल, तर जुनंही वापरा.

तिसरी पायरी: ओव्हरडोस ओळखायला शिका

माणूस झोपला आहे की जातो आहे, हा प्रश्न आहे. ओव्हरडोसमध्ये हाका मारूनही जाग येत नाही. श्वास फार मंद, अडखळत किंवा बंद. घशातून खरखर येते. ती ऐकून घरचे म्हणतात, घोरतोय, झोपू द्या. ही समजूत घातक आहे. न उठणाऱ्या माणसाचं विचित्र, घुरघुरणारं घोरणं म्हणजे हवा आत जात नसल्याची खूण. अंग थंड, ओलसर, लुळं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक.

ओठ निळे पडतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या रंगावर निळा रंग नीट दिसत नाही, चेहरा राखेसारखा, निस्तेज दिसतो. म्हणून खालचा ओठ ओढून आतली बाजू बघा, नखं बघा.

दारूमुळे असेल का, गांजामुळे असेल का, यावर चर्चा करत बसू नका. श्वास नीट नाही आणि जाग येत नाही, एवढ्यावर पुढचं सुरू करा.

चौथी पायरी: ती पाच मिनिटं

१. मोठ्याने नाव घ्या, खांदे हलवा. उत्तर नसेल तर मूठ वळून तिच्या पेरांनी छातीच्या मधल्या हाडावर जोरात घासा. शुद्धीतला माणूस या वेदनेने हात झटकतोच.

२. ९११ हा इथला आपत्कालीन नंबर लावा आणि फोन स्पीकरवर ठेवून जमिनीवर ठेवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. घाबरल्यावर इंग्रजी सुचत नाही, म्हणून हे वाक्य आधीच तोंडपाठ करा: ‘पर्सन इज नॉट ब्रीदिंग, नॉट वेकिंग अप.’ त्यानंतर लगेच पत्ता, अपार्टमेंटचा नंबर, गेटचा कोड. वाटल्यास ‘हिंदी’ एवढंच म्हणा, बहुतेक ठिकाणी फोनवर दुभाष्या जोडून देतात. घरी आई-वडील राहायला आलेले असतील तर हे वाक्य आणि घरचा पत्ता देवनागरीत लिहून फ्रिजवर लावा. दुपारी घरात मोठं माणूस म्हणून पुष्कळदा तेच असतात.

३. नार्कन द्या. माणसाला उताणं झोपवा, मानेखाली हात घालून डोकं मागे झुकवा. पाकीट फाडून फवारा बाहेर काढा. चालतंय का बघायला दाबू नका, आत एकदाच दाबण्याएवढं औषध असतं. नळी एका नाकपुडीत पूर्ण आत घाला, तुमची बोटं त्याच्या नाकाला टेकली पाहिजेत, आणि खालचा दट्ट्या अंगठ्याने जोरात दाबा. झालं. तो श्वास घेत नसला तरी औषध लागू पडतं.

४. श्वास द्या. ही पायरी लोक विसरतात. मेंदूला त्या क्षणी प्राणवायू हवा असतो आणि औषधाला काम करायला दोन-तीन मिनिटं लागतात. हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा, तोंडावर तोंड ठेवून दर ५ सेकंदांनी एक फुंकर. छाती वर येताना दिसली पाहिजे. नाडी लागत नसेल, किंवा काहीच कळत नसेल, तर फोनवरचा माणूस सांगेल तसं छाती दाबायला सुरुवात करा. तो सांगत राहतो.

५. दोन-तीन मिनिटांत श्वास सुरू झाला नाही तर दुसरा फवारा दुसऱ्या नाकपुडीत.

६. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडलेला, वरचा हात गालाखाली. उलटी झाली तर ती बाहेर पडेल, श्वासनलिकेत जाणार नाही.

मग तिथून हलू नका. नार्कनचा असर ३० ते ९० मिनिटं टिकतो आणि फेंटानिल त्याहून जास्त वेळ शरीरात राहू शकतं. शुद्धीवर आलेला माणूस चिडतो, ओकतो, थरथरतो, ‘मला काही झालेलं नाही, ॲम्ब्युलन्स परत पाठवा’ म्हणतो. वाद घालू नका, पण त्याला एकट्याला जाऊ देऊ नका आणि पुन्हा काही घेऊ देऊ नका. तासाभराने श्वास परत मंदावू शकतो.

फिलाडेल्फिया आणि आसपासच्या भागात फेंटानिलमध्ये झायलाझिन आणि अलीकडे मेडेटोमिडिन ही जनावरांच्या गुंगीची औषधं मिसळलेली सापडतात. त्यांच्यावर नालोक्सोन चालत नाही. त्यामुळे श्वास नीट सुरू झाला तरी माणूस गुंगीतच राहील. अशा वेळी एकामागून एक फवारे मारत सुटू नका. श्वास चालू आहे ना, तेवढं बघत राहा. पण ‘झायलाझिन असेल’ म्हणून पहिला फवारा द्यायचं मात्र टाळू नका, कारण फेंटानिल बहुधा सोबत असतंच.

काय करायचं नाही तेही सांगते. डोक्यावर गार पाणी ओतू नका. कांदा किंवा चप्पल नाकाशी धरू नका. मीठ-पाणी, दूध, कॉफी, लिंबू काहीही तोंडात घालू नका, ते थेट फुप्फुसात जाईल. ‘झोपून उतरेल’ म्हणून खोलीत एकट्याला निजवून दार लावून घेऊ नका.

आणि एक भीती काढून टाका. अशा माणसाला हात लावला म्हणून तुम्हाला ओव्हरडोस होत नाही. अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्येच हे स्पष्ट केलं होतं. हाताला पूड लागली तर साबण-पाण्याने धुवा, सॅनिटायझर लावू नका. या भीतीपायी मदतीला उशीर होणं हे खरं नुकसान.

पोलीस, व्हिसा आणि बिल

फोन करताना हात अडखळतो तो या तिघांमुळे.

अमेरिकेत जवळपास सगळ्या राज्यांत ‘गुड समॅरिटन’ कायदे आहेत. ओव्हरडोससाठी मदत मागणाऱ्यावर, आणि बहुधा त्या रुग्णावरही, थोडा माल जवळ सापडल्याबद्दल कारवाई होऊ नये अशी त्यांत तरतूद असते. तपशील राज्यागणिक वेगळा. कॅनडात २०१७ पासून यासाठी देशभराचा कायदा आहे. बऱ्याच विद्यापीठांतही मदत मागणाऱ्या विद्यार्थ्यावर शिस्तभंगाची कारवाई न करण्याचं धोरण असतं. तुमच्या विद्यापीठाचं काय आहे ते पहिल्याच आठवड्यात वाचून ठेवा.

पण तुम्ही नागरिक नसाल तर हेही लक्षात घ्या: इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा आहे, आणि राज्याच्या कायद्याचं संरक्षण तिथे आपोआप लागू होत नाही. गांजाचंही तसंच, राज्यात खुला असला तरी केंद्राच्या कायद्यात तो बेकायदाच आहे. म्हणून फोन करूच नये, असा अर्थ अजिबात नाही. फोन आधी करा. ॲम्ब्युलन्सवाल्यांना त्याने काय घेतलं, कधी घेतलं, नार्कन किती वेळा दिलं हे खरं सांगा, उपचार त्यावर ठरतात. पुढे पोलिसांच्या चौकशीची किंवा कोर्टाची वेळ आली तर जबाब देण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी मोफत कायदेशीर सल्ला असतो.

बिल येतं, मोठं येतं, हे खोटं नाही. पण १९८६ च्या एम्टाला कायद्यामुळे विमा आहे का, व्हिसा कोणता, हे न बघता हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला रुग्ण तपासून स्थिर करावाच लागतो. नंतर बिलिंग विभागात ‘फायनान्शियल असिस्टन्स’चा अर्ज मागा. न्यू जर्सीत ‘चॅरिटी केअर’ आहे. हप्ते करून मिळतात.

मुलांशी कसं बोलायचं

सहावी-सातवीपासून बोला. एकदा बसवून व्याख्यान देण्यापेक्षा गाडीत, जेवताना, पाच-पाच मिनिटं. शाळेत याविषयी काय सांगतात ते आधी मुलालाच विचारा. पुष्कळदा त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांनी २०२२ मध्ये सगळ्या शाळांत नालोक्सोन ठेवायचा निर्णय घेतला. तुमच्या मुलाच्या शाळेत आहे का, कोणाकडे असतं, हे नर्सला ईमेल करून विचारा.

‘आपल्या घरात असलं चालणार नाही’ हे वाक्य मला घातक वाटतं. त्याने मूल ड्रग्जपासून लांब राहतं की नाही सांगता येत नाही, पण अडचणीत सापडल्यावर आपल्यापासून नक्की लांब राहतं. त्याऐवजी एक शब्द द्या आणि पाळा: कुठेही असलास, कितीही वाजले असले, कोणासोबतही असलास, तरी फोन कर. मी आधी न्यायला येईन. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी. आणि मित्र उठत नसेल तर मलाही नंतर, ९११ आधी.

भारतातल्या आई-वडिलांसाठी: मूल १८ वर्षांचं झालं की इथलं हॉस्पिटल किंवा विद्यापीठ त्याच्या संमतीशिवाय तुम्हाला सहसा काही सांगत नाही. निघण्यापूर्वीच आपत्कालीन संपर्कात तुमचा नंबर आणि अमेरिकेतल्या एखाद्या नातेवाइकाचा नंबर घालून घ्या. रूममेटचा नंबर जवळ ठेवा.

घरात कोणाला सवय लागली आहे असं कळलं तर

आपल्याकडे अशा वेळी दोन गोष्टी होतात. बातमी दाबली जाते, आणि ‘भारतात पाठवून द्या, तिथे सुधारेल’ असं ठरतं. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून व्यसन हा आजार आहे हे महाराष्ट्राला सांगत आलं आहे, तेच इथे उपयोगी पडतं. आजार म्हटलं की डॉक्टर शोधता येतो.

या व्यसनावर औषधं आहेत आणि ती चांगली काम करतात. ब्युप्रेनॉर्फिन देण्यासाठी डॉक्टरांना पूर्वी खास परवाना लागायचा, ती अट डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने काढून टाकली. नियंत्रित औषधं लिहून देण्याची नोंदणी असलेले तुमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टरही आता ते देऊ शकतात. मेथाडोन मात्र ठरावीक केंद्रांतच मिळतं. ‘एक नशा सोडवून दुसरी लावतात’ असं घरचे म्हणतात. तसं नाही. या औषधांवर माणूस कामावर जातो, घर चालवतो, आणि मरणाचा धोका बराच कमी होतो. म्हणून ‘किती दिवस घेणार’ असा लकडा लावू नका.

सर्वांत धोक्याचा काळ कोणता? काही आठवडे बंद ठेवल्यानंतरचा. शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि पूर्वीचीच मात्रा पुन्हा घेतली तर जीव जाऊ शकतो. रिहॅबमधून, तुरुंगातून, किंवा भारतातून दोन महिने राहून परत आलेल्यांच्या घरी म्हणूनच नार्कन असायलाच हवं.

साम्सा या व्यसन आणि मानसिक आरोग्याचं काम पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेची १-८००-६६२-४३५७ ही हेल्पलाइन चोवीस तास, मोफत चालते आणि जवळचं उपचार केंद्र सांगते. मनात मरणाचे विचार येत असतील तर ९८८ लावा.

मंडळात काय करता येईल

३१ ऑगस्ट हा जागतिक ओव्हरडोस जागृती दिन, आणि गणपतीही त्याच सुमारास येतात. काउंटीच्या आरोग्य खात्याला किंवा जवळच्या हार्म रिडक्शन संस्थेला कळवलं तर त्यांचा माणूस येऊन तासाभरात नार्कन कसं द्यायचं ते शिकवतो, आणि बहुधा सगळ्यांना किट वाटून जातो. मराठी शाळेच्या दिवशी ठेवलंत तर उत्तम, पालक बाहेर थांबलेलेच असतात. कार्यक्रमाचं नाव ‘ड्रग्जविरोधी व्याख्यान’ ठेवू नका. ज्याच्या घरी खरोखर प्रश्न आहे तो अशा नावाच्या कार्यक्रमाला येत नाही. ‘प्रथमोपचार’ म्हणा आणि सीपीआरसोबत शिकवा.

ढोल-ताशा पथकाच्या सामानात, दिवाळीच्या हॉलवर, क्रिकेटच्या मैदानावर प्रथमोपचाराची पेटी असतेच, तिच्यात दोन खोकी टाकून ठेवा. पेटी कोणाकडे आहे आणि तारीख कधी संपते हे व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन करा. कार्यकारिणी बदलली की हिशेबाच्या वह्यांसोबत ही पेटीही नव्या सचिवांच्या हातात द्या, आणि मिळाली म्हणून लिहून घ्या.